खालून वर वाचावे

टॉवर जळून गेला त्याला दोन वर्षं झाली, आणि त्या जागी आता काय बांधायचं यावरून आख्खं शहर भांडायला उभं राहिलं. लोकांना मत विचारू नये असं मी म्हणत नाही, पण एकदा विचारलं की ऐकायची तयारी ठेवावी लागते. समितीने पाच आराखडे मागवले, नगरभवनाच्या मोठ्या दालनात त्यांची लाकडी मॉडेलं मांडली, तीन दारांशी तीन पेट्या ठेवल्या आणि कार्डं छापली. कार्डावर वर पाच चौकोन, हवा त्यावर खूण करायची. खाली सहा ओळी, मत लिहायला. पहिल्याच आठवड्यात कार्डांनी पोती भरली आणि समितीच्या नाकी नऊ आले.

मग दालनाच्या कडेला कार्डांची एक खिडकी उघडली आणि तिच्यामागे बसून कार्डं वाचून गठ्ठे लावायला दोन माणसं नेमली. एक होते निवृत्त हेडक्लार्क. त्यांना सगळे 'शिक्का' म्हणत, कारण हाताला लागेल त्या कागदावर शिक्का मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुसऱ्या होत्या टायपिस्टबाई. वय बावन्न, अंगाने किरकोळ, चष्मा दोरीला बांधलेला. या बाई टॉवरमध्येच अकराव्या मजल्यावर, एका विमा कंपनीच्या कचेरीत एकोणीस वर्षं कामाला होत्या, आणि ही गोष्ट त्यांचीच आहे.

आता लोक काय काय लिहितात ते ऐका. पहिला आराखडा उंच आणि निमुळता होता, त्याला लोकांनी 'सुई' नाव पाडलं. एकाने लिहिलं, 'पाखरांनी बसायचं कुठे?' दुसरा होता जुळा. 'एक सांभाळता आला नाही, दोन कशाला?' तिसरा गोल गोल पाकळ्यांचा. त्याला सगळे 'कोबी' म्हणायचे, आणि त्याच्यावर एका कार्डात फक्त एवढंच होतं: 'हे मुद्दाम केलंय का?' चौथ्यात इमारतच नव्हती, नुसतं तळं. 'डास होतील,' असं त्यावर एकशे बारा जणांनी लिहिलं. पाचवा जसाच्या तसा जुना टॉवर. 'हाच हवा, पण या वेळी संडास जास्त काढा.' एका आजींनी पाचही चौकोनांत खुणा करून खाली लिहिलं होतं, 'सगळ्यांनी छान मेहनत घेतली आहे, कुणाला नाराज करू नका.' आणि एकाने कशावरच खूण न करता लिहिलं होतं, 'आमच्या खिडकीत आयुष्यात पहिल्यांदा ऊन येतंय. कृपा करून काही बांधू नका.'

शिक्का वैतागायचे. "काय लोक आहेत हो! विचारलं काय, सांगतात काय!" असं म्हणत ते लाल शिक्का उचलायचे. त्या शिक्क्यावर होतं, 'अर्थबोध होत नाही'. तो बसला की कार्ड थेट खोक्यात जायचं.

बाई मात्र खोक्यात पडलेलं प्रत्येक कार्डसुद्धा वाचायच्या. शिक्क्यांना वाटायचं, बाई फार कामसू आहेत. खरं कारण वेगळं होतं. बाई या नोकरीला आल्या होत्या त्या एका माणसाला शोधायला.

त्या दुपारी चौथ्या मजल्यावरच्या गोदामात आग लागली तेव्हा बाई आपल्या टेबलाशी होत्या. घंटा वाजली, वीज गेली, सगळे जिन्याकडे धावले. बाईंच्या पिशवीचा पट्टा खुर्चीच्या हाताला अडकला, तो सोडवेपर्यंत त्या मागे राहिल्या. दोन मजले उतरल्या आणि नवव्याच्या वळणावर धूर असा आला की स्वतःचा हात दिसेना. पाय जमिनीला खिळले. खाली जावं तर काय आहे कळेना, वर जावं तर तिथेही तेच. तेवढ्यात कुणीतरी त्यांचं मनगट गच्च धरलं आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, "बाई, मोजा. मोठ्याने मोजा. थांबू नका." आणि बाईंनी मोजायला सुरुवात केली. पुढचं त्यांना फारसं आठवत नाही. आठवते ती खाकी बाही, तिच्यावरची पितळी बटणं, आणि मनगटावरची ती पकड. रस्त्यावर पाय लागला आणि त्यांची शुद्ध हरपली. डोळे उघडले ते इस्पितळात, आणि उशाशी लेक रडत बसली होती.

खाकी बाही आणि पितळी बटणं म्हणजे टॉवरचा लिफ्टवाला, हे कुणीही सांगेल. लिफ्टवाले होते सहा. त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. एक नंबर, दोन नंबर असं लिफ्टच्या आकड्यावरूनच त्यांना हाक मारायचे. बाईंनी बरं वाटताच शोध सुरू केला. एक नंबर इस्पितळात लिफ्ट चालवत होता. दोन नंबरने भाजीचं दुकान टाकलं होतं. तीन आणि चार नंबर घरी नातवंडं सांभाळत होते. चौघांनीही माना हलवल्या. आम्ही नव्हतो, बाई. पाच नंबरबद्दल मात्र त्यांनी जे सांगितलं ते ऐकून बाईंना दोन दिवस घास गेला नाही. पाच नंबर त्या दिवशी लोकांना खाली पोचवून पुन्हा वर गेला, आणि खाली आलाच नाही. सहा नंबर जिवंत आहे, पण अबोल माणूस, कुठे राहायला गेला कुणालाच ठाऊक नाही.

म्हणजे बाईंचा जीव कुठे अडकला होता ते लक्षात आलं ना? तो हात पाच नंबरचा असेल, तर आपल्याला खाली सोडून तो माणूस परत वर गेला आणि मेला. मग आभार मानायचे कुणाचे? आणि सहा नंबरचा असेल, तर तो याच शहरात कुठेतरी बसलाय, आणि दोन वर्षांत आपण त्याला साधं 'उपकार झाले' एवढंही म्हटलेलं नाही. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. रोज संध्याकाळी घरी आली की चपला काढता काढता विचारायची, "काय आई, सापडला का तुझा हात?" चेष्टेत विचारायची, पण विचारायची रोज.

प्रदर्शन संपायला तीन दिवस राहिले होते. दुपारी शिक्क्यांनी एक कार्ड नाकासमोर धरलं आणि ते हसायला लागले. "घ्या! आता लोक कविता पण करायला लागले." चौकोनात खूण नव्हती. सहा ओळींवर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं:

किती राहिले ते.
हाताला कळेल
म्हणजे धुरातसुद्धा
आकडा कोरून ठेवावा,
प्रत्येक वळणावर भिंतीत
आराखडा कोणताही घ्या, पण

शिक्का बसला. 'अर्थबोध होत नाही'. कार्ड खोक्यात पडलं, आणि बाईंनी सवयीने ते उचललं. एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे डोळे शेवटच्या ओळीवर गेले आणि तिथून वर चढायला लागले.

टॉवरमध्ये ये-जा न केलेल्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. लॉबीत लिफ्टशेजारी एक काळा फळा होता आणि लिफ्टवाले त्यावर रोजच्या सूचना लिहायचे. पण लिहायचे खालून वर. त्यांचं साधं म्हणणं होतं: तळमजला खाली असतो, मग पहिली ओळ खाली नको? बटणंसुद्धा तशीच असतात! नवा माणूस त्या फळ्यासमोर तोंड वासून उभा राहायचा. जुन्यांना सवय झाली होती. व्यवस्थापकांनी दोनदा नोटीस काढली, पण लिफ्टवाल्यांनी तिला भीक घातली नाही.

"अहो, हे खालून वाचायचं!" बाई उठून उभ्याच राहिल्या. "आराखडा कोणताही घ्या, पण प्रत्येक वळणावर भिंतीत आकडा कोरून ठेवावा, म्हणजे धुरातसुद्धा हाताला कळेल किती राहिले ते."

"बरं मग?" शिक्का म्हणाले. "खूण कुठेय? खूण नाही तर कार्ड बाद."

बाईंच्या कानात ते शिरलंच नाही. हे लिहिणारा टॉवरचा लिफ्टवाला होता. नुसता लिफ्टवाला नव्हे, धुरात त्या जिन्यातून भिंत चाचपत उतरलेला लिफ्टवाला. आणि चौघे तर त्या दिवशी जिन्यात नव्हतेच. म्हणजे सहा नंबर! तो इथे येऊन गेला होता, या दालनात, कदाचित कालच, आणि आपण दहा पावलांवर टाचण्या मोजत बसलो होतो. बाईंना हसावं की रडावं कळेना.

कार्डावर नाव लिहायची सोय नव्हती. मग माणूस शोधायचा कसा? बाईंनी रात्रभर डोकं खाजवलं नाही की काही नाही, त्यांना तिथल्या तिथे सुचलं. दाराशी वेळेचा फळा होता. त्यांनी खडू घेतला, 'प्रदर्शन दहा ते सहा' पुसलं, आणि खालून सुरुवात करून लिहिलं:

भेटावे.
खिडकीपाशी
कार्डांच्या
सहा नंबरवाल्यांनी
टॉवरच्या

आणि मग जे झालं ते काही बाईंनी योजलं नव्हतं.

लोकांनी फळा वाचला वरून खाली. त्यातलं त्यांना एवढंच कळलं की काहीतरी 'सहा नंबर' आहे, टॉवरचं आहे, आणि त्यासाठी कार्डांच्या खिडकीपाशी जायचंय. आराखडे तर पाच! तासाभरात बातमी सगळीकडे पसरली, की समितीने सहावा आराखडा दडवून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी ही रांग! "सहावा दाखवा." "आमच्यापासून काय लपवता?" एक गृहस्थ तर तावातावाने म्हणाले, "मी पाहिलाय सहावा. पाचांपेक्षा शंभर पटीने चांगला आहे, म्हणूनच दाबलाय." संध्याकाळी पेट्या उघडल्या तर सहाव्याच्या बाजूने अठ्ठावन्न कार्डं आणि विरुद्ध एकतीस. न पाहिलेल्या इमारतीवरून दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं. आता बोला!

शिक्क्यांचा पारा चढला. "बाई, हा काय घोळ घातलात तुम्ही? साहेबांना काय तोंड दाखवू मी? पुसा तो फळा आधी."

"एकच दिवस राहिलाय," बाई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी पुसते. तोवर तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

"पण कोण आहे हा सहा नंबर?"

तेव्हा बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. नवव्याचं वळण, धूर, मनगट, पाच नंबर, सगळं. शिक्का ऐकत राहिले. मग त्यांनी शिक्क्याची डबी उघडली, बंद केली, आणि चहा आणायला निघून गेले. येताना दोन कप आणले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी बाईंचा चहा आणला होता.

शेवटचा दिवस उजाडला. दालनात मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडकीशी नुसता कालवा. दुपारचे चार वाजले, साडेचार झाले, आणि बाईंच्या मनाने हाय खाल्ली. ज्याला वाचता येणार तो आलाच नाही तर? एकदा येऊन गेलेला माणूस परत कशाला येईल? त्यांनी मान खाली घातली आणि शेवटचे गठ्ठे बांधायला घेतले. गोंगाटात चुकायला नको म्हणून त्या मोठ्याने मोजत होत्या. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

खिडकीसमोर एक उंच, वाकलेला म्हातारा केव्हाचा उभा होता. मागचे ओरडत होते, "अहो आजोबा, सरका पुढे, आम्हालाही सहावा बघायचाय!" पण म्हातारा हलेना. त्याने डोळे मिटून घेतले होते. बाईंचा पन्नासचा गठ्ठा पुरा झाला, दोरा बांधून झाला, तेव्हा त्याने डोळे उघडले.

"फळ्यावर काय ते नीट लिहिलंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सहा नंबर मीच. आणि बाई, तुम्ही जिनेवाली ना?"

बाईंच्या हातातला गठ्ठा खाली पडला. 'जिनेवाली' हे नाव त्यांनी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. बाईंना लिफ्टची भीती वाटायची. एकोणीस वर्षांत त्या एकदाही लिफ्टमध्ये चढल्या नव्हत्या. रोज अकरा मजले चढायच्या आणि अकरा मजले उतरायच्या. कचेरीतल्यांनी त्यांची त्यावरून काय काय टिंगल केली होती ते त्यांचं त्यांना माहीत. घरी लेकसुद्धा त्यांना भित्री भागूबाई म्हणायची.

शिक्क्यांनी खिडकीची फळी खाडकन खाली ओढली आणि बाहेरच्यांना ओरडून सांगितलं, "सहावा आराखडा नाही! नव्हता! घरी जा!" मग बाजूचं दार उघडून म्हाताऱ्याला आत घेतलं आणि खुर्ची दिली.

बाईंनी दोन वर्षं मनात घोकलेलं बोलायला तोंड उघडलं. "दादा, तुम्ही त्या दिवशी माझा हात धरला नसता ना, तर मी तिथेच..."

"थांबा, थांबा," सहा नंबर म्हणाला. "आधी मला बोलू द्या. मी रोज येतोय इथे. मागच्या दाराने येतो आणि पाठीमागच्या बाकावर बसतो, म्हणून फळा आजच दिसला. म्हटलं, टॉवरची सगळी माणसं कधी ना कधी इथे येणार. तुमचं तोंड मी कधी नीट पाहिलेलं नाही, त्या दिवशीही ते काजळीने माखलेलं होतं, नाव ठाऊक नाही. नुसता आवाज ठाऊक. म्हणून बसून आवाज ऐकत होतो."

"माझा? कशासाठी?"

"अहो, आभार मानायला!"

बाईंना काहीच उमजेना. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई, सव्वीस वर्षं मी त्या इमारतीत काढली. दिवसाला शंभरदा वर आणि शंभरदा खाली. पण जिना? जिन्याचं मी तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. लिफ्टवाला कशाला जिना उतरेल? वीज गेली तेव्हा माझी लिफ्ट नवव्याला अडकली. दार फाकवून बाहेर आलो तर सगळा धूर. जिन्यात पाऊल टाकलं आणि मला कळलं, की याला किती पायऱ्या, वळण कुठे, काही म्हणजे काही मला ठाऊक नाही. मेलोच म्हटलं. तेवढ्यात कुणीतरी बाई पुटपुटताना ऐकू आली, अकरा आणि अकरा, अकरा आणि अकरा. मी मनात म्हटलं, अरे, ही तर ती जिनेवाली! आमचा राग होता बरं का तुमच्यावर. आमची लिफ्ट चावते का हिला, असं म्हणायचो आम्ही. पण त्या घटकेला आख्ख्या टॉवरमध्ये तो जिना पाठ असलेलं एकच माणूस होतं, आणि ते माझ्या हाताला लागलं. सोडतो की काय! धरलं मनगट आणि म्हटलं, मोजा."

"म्हणजे तुम्ही मला धीर द्यायला..."

"कसला धीर? माझीच बोबडी वळली होती. तुम्ही मोजत होता म्हणून मी पाय टाकत होतो. तिसऱ्याच्या खाली आलो आणि तुम्ही म्हणालात, 'सांभाळा, इथे तीन जास्तीच्या आहेत.' त्या तीन पायऱ्यांवरून मी खाली गेलो असतो बाई, डोक्यावर. खाली पोचलो, तुम्हाला गाडीत घातलं, आणि मी नुसता रस्त्यावर बसून राहिलो. नाव विचारायचं भानच राहिलं नाही."

आणि त्याने हात जोडले. काही समारंभ नाही, काही नाही, खुर्चीवर बसल्या बसल्या जोडले. "उपकार झाले तुमचे. नातीचं लग्न बघितलं मी गेल्या वर्षी. तुमच्यामुळे बघितलं."

बाईंना ते तीन जास्तीच्या पायऱ्यांचं वाक्य बोलल्याचं आठवतही नव्हतं. पण पायऱ्या खऱ्या होत्या. एरवी वळणापर्यंत अकरा आणि वळणानंतर अकरा, तिसऱ्याखाली मात्र खरंच चौदा होत्या, आणि हे एकोणीस वर्षं रोज त्यांच्याशिवाय कुणी मोजलं नव्हतं. त्यांना एकाएकी भडभडून आलं. धुरात हात धरून त्यांना एका शूर माणसाने खाली आणलं, असंच त्या दोन वर्षं समजत होत्या. आणि तो शूर माणूस समोर बसून त्यांचेच आभार मानत होता. "मला वाटलं, तुम्हीच मला..." एवढंच त्या म्हणू शकल्या, आणि मग दोघंही डोळे पुसायला लागले.

शिक्क्यांनी उगाचच दोनदा नाक शिंकरलं. मग खोक्यात हात घालून त्यांनी ते कार्ड शोधून काढलं, पाच कोरी कार्डं घेतली, आणि आपल्या सुवाच्य अक्षरात तो मजकूर पाचही कार्डांवर उतरवला. या वेळी वरून खाली. प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक कार्ड सगळ्यांत वर ठेवलं. सुईवर, जुळ्यांवर, कोबीवर, जुन्या टॉवरवर. तळ्यावर ठेवताना ते जरा थांबले. "याला जिना नाही," ते म्हणाले, "पण असू दे. घाट तर असेल." शिक्का त्यांनी एकाही कार्डावर मारला नाही.

सहा वाजता लेक बाईंना घ्यायला आली. दारापाशी बाई एका उंच म्हाताऱ्याला निरोप देत होत्या, 'रविवारी जेवायला यायचंच' असं तिसऱ्यांदा सांगत होत्या. तो गेल्यावर लेकीने आईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. आज चेष्टा करायचं तिला सुचलं नाही.

"आई, सापडला?"

"सापडला."

"मग? मानलेस आभार?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "त्यांनीच माझे मानले."

"तुझे? मग तू काय केलंस?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"काय करणार," त्या म्हणाल्या, "घेतले."